आधुनिक काळाची सर्वोत्तम कसोटी टीम: नावं नंतर, जागा आधी

जुलैतला रविवार. शिवाजी पार्कात कांगा लीगची मॅच पावसानं थांबलेली आणि आम्ही सहाजण तीन छत्र्यांखाली कट्ट्याला टेकून उभे. पाऊस जाईपर्यंत करायचं काय, तर ‘ऑल टाइम इलेव्हन’. कुणाच्या तरी खिशातून आहेराचं रिकामं पाकीट निघालं. त्याच्या मागं मी दोन मिनिटांत अकरा नावं लिहून मोकळा झालो. आमच्यातले सगळ्यात ज्येष्ठ म्हणजे तळमजल्यावरचे काका. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, पाकीट डोळ्यांजवळ धरलं आणि विचारलं, “ओपनिंग कोण करणार रे?”

मी लिहिलेले सातही बॅट्समन तीन ते पाच नंबरवर खेळणारे होते. “द्रविड जाईल की.” “आणि त्याच्याबरोबर?” मी गप्प. “बरं, चौथा बोलर कोण?” तोही नव्हता. तेवढ्यात छत्रीवरून ओघळलेलं पाणी पाकिटावर पडलं आणि ‘ॲम्ब्रोज’मधला ‘ब्रो’ निळा होऊन पसरला.

त्या दिवसापासून दर पावसाळ्यात आम्ही ही टीम निवडतो, पण रीतसर. तुमच्या कट्ट्यावर, ऑफिसात किंवा लोकलच्या डब्यात हा वाद दरवर्षी त्याच ‘सचिन की लारा’ पाशी अडकत असेल, तर ही रीत वापरून बघा. वाद मिटणार नाही, पण पुढं सरकेल.

आधी रेघ मारा

‘आधुनिक’ म्हणजे कधीपासून, हे एकही नाव उच्चारायच्या आधी ठरवा. आमची रेघ १९९२ची आहे. त्या वर्षी एप्रिलमध्ये दक्षिण आफ्रिका बावीस वर्षांनी कसोटी खेळली, ब्रिजटाउनला. म्हणजे सगळे तगडे संघ एकमेकांशी खेळायला लागले. बाउन्सरवर मर्यादा नुकतीच आली होती. आणि नोव्हेंबरात डर्बनला टीव्हीवर रिप्ले बघून निर्णय देणारा तिसरा अंपायर आला. त्याच्याकडून आउट ठरलेला पहिला बॅट्समन आपलाच, सचिन, रनआउट. यानंतरचं क्रिकेट आज आपण बघतो त्याच्या जवळचं आहे. निम्म्याहून जास्त कसोट्या या रेघेच्या अलीकडे खेळलेला माणूस पात्र, बाकीचे नाहीत.

याची किंमत मोठी आहे. व्हिव्ह रिचर्ड्स गेला, मार्शल गेला, इम्रान, हॅडली, कपिल, सगळे गेले. आणि गावसकर गेला. पहिल्याच मालिकेत चार कसोटींत ७७४ धावा, वेस्ट इंडिजविरुद्ध १३ शतकं, आणि दादरमध्ये उभं राहून त्याला वगळायचं! पहिल्या वर्षी आमच्यातला एकजण छत्री घेऊन निघूनच गेला. तुम्हाला गावसकर हवाच असेल तर रेघ खुशाल १९७०ला मारा. पण मग ती सगळ्यांसाठी मागं जाते. वानखेडेवर १९८०च्या कसोटीत शतक आणि तेरा विकेट एकाच मॅचमध्ये काढणारा बोथमसुद्धा मग दारात उभा राहतो. एका लाडक्यासाठी रेघ वाकवायची नाही.

दुसरी अट: अजून खेळत असलेला कुणी नको. रूट, स्टीव्ह स्मिथ, बुमरा बाहेर. ही अट अन्यायाची वाटते, मलाही वाटायची. मग कोहलीकडे बघितलं. २०१९च्या अखेरीस त्याची सरासरी जवळजवळ ५५ होती. त्या डिसेंबरात आम्ही टीम निवडली असती तर तो चौथ्या-पाचव्या नंबरवर बिनविरोध आला असता. २०२५मध्ये तो निवृत्त झाला तेव्हा सरासरी होती ४६.८५. करिअरचं शेपूट कसं वळेल हे आधी कळत नाही, म्हणून पूर्ण झालेलं गणितच तपासायला घ्या.

मॅच कुठे आहे?

हा प्रश्न बहुतेक लोक विचारतच नाहीत. हवेत खेळणारी टीम निवडतात. आम्ही पाच मैदानं धरतो: वानखेडे, गॉल, लॉर्ड्स, पर्थ आणि जोहान्सबर्ग. पंधरा जण निवडायचे आणि अकरा मैदानाप्रमाणे उतरवायचे.

वानखेडेची लाल माती चेंडूला उसळीही देते आणि फिरकीही. २००४मध्ये ऑस्ट्रेलियाला इथे जिंकायला १०७ हव्या होत्या आणि ते ९३ला आटोपले. २०१२मध्ये मात्र पीच आपल्या फिरकीसाठी होतं आणि इंग्लंडच्या पानेसर-स्वाननं मिळून १९ विकेट काढल्या. २०२१मध्ये मुंबईतच जन्मलेल्या एजाज पटेलनं एका डावात दहाच्या दहा घेतल्या. तो न्यूझीलंडकडून खेळतो आणि ती मॅच भारतानं ३७२ धावांनी जिंकली, ही गोष्ट वेगळी. अशा ठिकाणी तीन वेगवान आणि एक फिरकी ही नेहमीची मांडणी चालेलच असं नाही. पर्थला उलट.

रिकाम्या जागा लिहा, आणि खालून भरत या

आता पाकीट काढा आणि एक ते अकरा आकडे लिहा, नावं नाहीत. एक-दोन ओपनर. तीन ते पाच बॅट्समन. सहाव्या जागी बोलिंगही करणारा. सातवा कीपर. आठ ते अकरा बोलर. भरायची सुरुवात अकराव्या जागेपासून करायची. ही काकांची अट, आणि सगळ्या रितीत हीच एक गोष्ट घ्यायची असेल तर हीच घ्या. कसोटी जिंकायला वीस विकेट लागतात. आपण मुंबईकर जन्मतः बॅट्समनचे भक्त. वरून सुरू केलं की पाच नंबरपर्यंत पोचतानाच पाऊस थांबतो आणि बोलर घाईघाईत कोंबले जातात.

आकडे बघायला क्रिकइन्फोचं स्टॅट्सगुरू फुकट आहे. पण एकूण सरासरी बघून फोन खिशात टाकू नका. तीन गाळण्या लावा: परदेशात काय, ज्या जागेवर निवडताय त्या नंबरवर काय, आणि कुणाविरुद्ध. दशकही ध्यानात ठेवा. वासिम, वकार, डोनाल्ड, वॉल्श एकाच वेळी पळत होते त्या दिवसांतल्या ५०ची किंमत २००० नंतरच्या सपाट पिचांवरच्या ५०पेक्षा जास्त आहे.

बोलर. ग्लेन मॅग्रा: १२४ कसोटी, ५६३ विकेट, सरासरी २१.६४. यावर चर्चा दीड मिनिट चालली. डेल स्टेन: ४३९ विकेट, दर बेचाळीस-त्रेचाळीस चेंडूंमागे एक. तो फक्त हिरव्या पिचावरचा असता तर मी घेतला नसता, पण २०१०ला नागपूरमध्ये त्यानं ५१ धावांत ७ घेतल्या त्या जुन्या चेंडूच्या रिव्हर्स स्विंगवर. भारतात येऊन भारतालाच रिव्हर्स शिकवणं ही साधी बाब नाही. तिसरा वासिम अक्रम, ४१४ विकेट. डावखुरा, म्हणजे कोन बदलतो, वॉर्नसाठी उजव्या बॅट्समनच्या ऑफ स्टंपबाहेर पायांचे खड्डे तयार होतात, आणि आठव्या नंबरवर बॅटही चालते.

इथे ॲम्ब्रोजचं काय, असा आरडाओरडा होतोच. ४०५ विकेट, सरासरी २०.९९, म्हणजे तिघांपेक्षाही सरस. पर्थला १९९३मध्ये त्यानं एक धाव देऊन सात विकेट काढलेला स्पेल ज्यानं बघितलाय तो या वादात ऐकून घेत नाही. माझं म्हणणं एवढंच, की तो आणि मॅग्रा एकच काम करतात: उंचीवरून, ऑफ स्टंपच्या माथ्यावर, दिवसभर. एका दुकानात दोन तराजू कशाला? शिवाय ॲम्ब्रोज भारतात एकही कसोटी खेळला नाही. १९९४च्या दौऱ्यावर तो आलाच नव्हता. दोष त्याचा नाही, पण वानखेडेवरची जागा मी अंदाजावर देणार नाही. पंधरात मात्र तो हवाच.

फिरकीचा प्रश्न खरा गहन. मुरलीधरन ८००, सरासरी २२.७२. वॉर्न ७०८, सरासरी २५.४१. कागदावर निकाल लागलेला. मग गाळण्या लावा. मुरलीच्या ८००पैकी १७६ विकेट झिम्बाब्वे आणि बांगलादेशच्या आहेत, वॉर्नच्या फक्त १७. ऑस्ट्रेलियात मुरलीची सरासरी पंच्याहत्तर. पण ‘परदेशात काय’ ही गाळणी वॉर्नलाही सोडत नाही: भारतात त्याची सरासरी ४३, आणि मुरलीची तर ४५. म्हणजे भारतीय बॅट्समनसमोर दोघेही माणसांत आले.

वॉर्नला माणसांत कसं आणलं याची गोष्ट मुंबईची आहे म्हणून सांगतो. फेब्रुवारी १९९८, ब्रेबॉर्न. मालिकेच्या आधी मुंबई विरुद्ध ऑस्ट्रेलिया. सचिन नाबाद २०४, वॉर्न १६ षटकांत १११ धावा आणि शून्य विकेट. मग सचिननं लेगस्पिनर शिवरामकृष्णनला नेटमध्ये राउंड द विकेट यायला लावलं, लेग स्टंपबाहेरच्या खरबडीत जागेत चेंडू टाकायला सांगितलं आणि तेच फटके पुन्हा पुन्हा मारले. चेन्नईला दुसऱ्या डावात नाबाद १५५ आल्या त्या अशा तयारीतून. काका म्हणतात, यावरून सचिन मोठा ठरतो, वॉर्न लहान ठरत नाही. मला पटतं. एकच फिरकी बोलर खेळवायचा असेल तर वॉर्न: पर्थ, लॉर्ड्स, जोहान्सबर्गला तो जास्त खात्रीचा, आणि बॅटनं ३१५४ धावा, शतक एकही नाही, सर्वोच्च ९९. वानखेडे आणि गॉलला वासिमला विश्रांती आणि मुरली आत. अश्विन? ५३७ विकेट, सरासरी बरोब्बर २४, सहा शतकं. रेघेच्या अलीकडे हे दोघे नसते तर बरं झालं असतं. तो नाही आला याची मला खंत आहे आणि त्यावर माझ्याकडे फार चांगलं उत्तरही नाही.

कीपर आणि सहावा

संगकाराची एकूण सरासरी ५७.४०, म्हणून लोक त्याला कीपर करून एक बॅट्समन वाचवायला बघतात. इथेच ‘त्या जागेवर काय’ ही गाळणी कामाला येते. ग्लोव्हज घालून खेळलेल्या ४८ कसोटींत त्याची सरासरी ४०च्या आसपास, ग्लोव्हज काढल्यावर ६६च्या पुढे. म्हणजे कीपर म्हणून तुम्हाला मिळतो तो दुसराच संगकारा. बाउचरनं ५५५ बळी टिपले, धोनीचे स्टंपमागचे हात विजेसारखे, पण सातव्या जागेचा विचार करताना मला २००१ची वानखेडे आठवते. आपण १७६ला आउट, पण ऑस्ट्रेलिया ५ बाद ९९. स्टेडियमात आवाज इतका, की शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. मग गिलख्रिस्ट आला, हेडनबरोबर १९७ धावा जोडल्या आणि ८४ चेंडूंत शतक केलं. स्लॉग स्वीप उंच जायचा, आम्ही सगळे एका सुरात ‘कॅच’ म्हणायचो आणि चेंडू प्रेक्षकांत. मॅच तीन दिवसांत संपली. २००५च्या ॲशेसमध्ये फ्लिंटॉफनं राउंड द विकेट येऊन त्याला बांधून ठेवलं, मालिकेत अर्धशतकही होऊ दिलं नाही, हे मान्य. तरीही गिलख्रिस्टच.

सहावा कॅलिस. १३,२८९ धावा, २९२ विकेट, २०० झेल. वानखेडेवर दोन फिरकी खेळवायची मुभा मिळते ती तो तिसरा वेगवान बोलर होऊ शकतो म्हणून. कंटाळवाणा खेळायचा अशी तक्रार असते. ती परळच्या अलीकडे करू नका. खडूस खेळणं ही इथे शिवी नाही.

ओपनर: इथे जास्त वेळ द्या

या रेघेच्या अलीकडे ओपनर थोडे आहेत आणि प्रत्येकात खोट आहे. नियम असा: निम्म्याहून जास्त डाव ज्यानं ओपनिंग केलंय तोच ओपनर. द्रविडला ढकलायचं नाही, तो मोह सगळ्यांना होतो.

सेहवागबद्दल मी आधीच कबूल करतो. डिसेंबर २००९मध्ये ब्रेबॉर्नवर त्यानं श्रीलंकेविरुद्ध एका दिवसात नाबाद २८४ केल्या त्या दिवशी मी मैदानात होतो. चहापानानंतर मुरलीला उलट्या बाजूनं फिरवताना बघून शेजारचे गृहस्थ नुसते हसत होते, टाळ्या वाजवायचं विसरून. असं काही डोळ्यांनी बघितलेला माणूस त्या खेळाडूबद्दल न्यायाधीश राहत नाही. म्हणून आमच्याकडे नियम आहे: ज्याची अशी आठवण असेल त्यानं ती सांगायची, आणि त्या जागेवर विरोधी बाजू दुसऱ्यानं मांडायची. विरोधी बाजू भक्कम आहे. इंग्लंड, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका, तिन्हीकडे सेहवागची सरासरी तिशीच्या आत. पण आशियात दोन त्रिशतकं, ८२चा स्ट्राइक रेट, आणि तो टिकला तर बोलरांना वीस विकेट काढायला एक दिवस जास्त मिळतो. खालून टीम भरत आलो की सेहवागचा हा उपयोग दिसतो. नुसत्या सरासरीत तो दिसत नाही.

त्याच्या समोरच्या टोकाला मग असा माणूस पाहिजे, जो लॉर्ड्सच्या ढगाळ सकाळी उभा राहील. हेडनची सरासरी ५०.७३, कुकच्या १२,४७२ धावा. मी ग्रॅम स्मिथ घेतला. २००३ला बाविसाव्या वर्षी इंग्लंडमध्ये लागोपाठ दोन कसोटींत २७७ आणि २५९. २००८ला एजबॅस्टनवर चौथ्या डावात नाबाद १५४ करून मॅच आणि मालिका जिंकली. जानेवारी २००९मध्ये सिडनीला मोडक्या हातानं शेवटच्या नंबरवर मॅच वाचवायला उतरला. बघायला देखणा अजिबात नाही, बॅट धरायचा ती फावड्यासारखी. कप्तानही तोच: १०९ कसोटींत नेतृत्व, ५३ विजय. कप्तानाचा वाद आमच्याकडे एवढ्यावर संपला.

तीन, चार, पाच

आता कुठे ‘सचिन की लारा’ येतं, आणि तोवर त्यातली हवा गेलेली असते, कारण जागा तीन आहेत. दोघेही येतात. सचिनलाही गाळणीतून जायचं, दादर असलं म्हणून सूट नाही: परदेशात ५४.७४, घरी ५२.६७, दक्षिण आफ्रिकेत पाच शतकं. सिडनीला २००४मध्ये कव्हर ड्राइव्ह बाजूला ठेवून नाबाद २४१. चौथा नंबर त्याचा. लारा पाचवा, आणि ही आमची छोटी चोरी आहे, तो बहुतेक तीन-चारलाच खेळला. पण १९९९ला ब्रिजटाउनमध्ये ३०८चा पाठलाग करताना शेवटच्या विकेटला वॉल्शला घेऊन ज्यानं मॅच जिंकली, नाबाद १५३, त्याला शेपटाबरोबर खेळायला शिकवावं लागणार नाही.

तिसऱ्या जागेवर पॉन्टिंग, संगकारा, द्रविड. पॉन्टिंगच्या १३,३७८ धावा, पण भारतात चौदा कसोटींत सरासरी २६. वानखेडे आपल्या यादीत आहे, तेव्हा तो गेला. संगकारा आणि द्रविडमध्ये मी द्रविड निवडला. सेहवाग पाच षटकांत परतणार ही शक्यता धरूनच तीन नंबर निवडायचा असतो. शिवाय वॉर्नला स्लिपमध्ये २१० झेल घेतलेले हात मिळतात, शेजारी कॅलिसचे २००. यात भारतीयपणा किती आणि हिशेब किती हे मला प्रामाणिकपणे सांगता येत नाही. संगकारा पंधरात.

तर या वर्षीचं पाकीट असं निघालं: स्मिथ कप्तान, सेहवाग, द्रविड, तेंडुलकर, लारा, कॅलिस, गिलख्रिस्ट, अक्रम, वॉर्न, स्टेन, मॅग्रा. राखीव मुरली, ॲम्ब्रोज, संगकारा, हेडन.

पाऊस उघडत आला होता. मी पाकीट काकांकडे दिलं. त्यांनी वाचलं, पुन्हा वाचलं आणि म्हणाले, “अरे, ही टीम खेळून झाली आहे. आणि हरली आहे.”

ऑक्टोबर २००५, सिडनी. आयसीसीनं जगातले निवडक खेळाडू गोळा करून ऑस्ट्रेलियासमोर उतरवले होते. स्मिथ कप्तान, मग सेहवाग, द्रविड, लारा, कॅलिस. एक सचिन सोडला तर माझी वरची फळी जशीच्या तशी. सर्वबाद १९० आणि १४४, पराभव २१० धावांनी.

“काका, पण तेव्हा समोर मॅग्रा, वॉर्न आणि गिलख्रिस्ट होते. आता तिघेही आपल्याकडे आहेत.”

“ते ठीक. मग आता समोर कोण?”

कुणी काही बोललं नाही. काकांनी माझ्या हातातलं पेन घेतलं, पाकीट उलटं केलं, गुडघ्यावर ठेवलं आणि एक ते अकरा आकडे मांडले. मग खालून भरायला लागले: मार्शल, हॅडली, इम्रान. मी वाकून बघितलं. रेघेपलीकडची टीम होती ती. आणि पहिल्या आकड्यासमोर, खालून भरायचा स्वतःचाच नियम मोडून, त्यांनी सगळ्यात आधी लिहून ठेवलं होतं: गावसकर.